चुन्याचा ठिपका

आमच्या तात्यांना कुठलीही मोटार दाखवा. नवी असो, जुनी असो, भंगारातून उचलून आणलेली असो, त्यांचा प्रश्न ठरलेला. "ठिपका हाय का?"

ठिपका म्हणजे चुन्याचा. मोटारीच्या पायाशी, बोल्टाच्या भोकाजवळ करंगळीनं टेकवलेला, हरभऱ्याएवढा. तो सिद्राम मिस्त्रीचा असायचा. मुरुमच्या बाजारात आणि आजूबाजूच्या दहा-बारा गावांत जुनी सिंगल फेजची मोटार घेणारा माणूस आधी गुडघ्यावर बसून तो ठिपका शोधायचा, मग पुढचं बोलायचा.

मी विद्युत शाखेचा पदवीधर आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीची पायरी चढलं नाही. आजोबांनी मेंढरं राखली, तात्यांनी ती विकून म्हशी बांधल्या, आणि मी डिग्री घेतली. आज आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवतो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण मग हेही लपवायला नको की त्या हरभऱ्याएवढ्या चुन्यावर मी पंधरा वर्षं जळलो. तात्यांनी एकदा तरी एखाद्या मोटारीकडं बघून "दत्ता म्हणतोय ना, मग झालं" असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

सिद्राम माझ्याच वर्गातला. दहावीला गणितात गेला, पुन्हा बसला, पुन्हा गेला, आणि मग तिसऱ्यांदा बसायच्या ऐवजी सोलापूरला एका वायंडिंगच्या दुकानात जाऊन बसला. चार वर्षांनी परत आला तो सरळ मुरुमच्या बाजारपट्टीच्या टोकाला पत्र्याची खोली घेऊनच. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तात्यांनी मला फोनवर सांगितलं, "सिद्रामनं दुकान टाकलं गा. लई हुशार पोरगं." मी त्या आठवड्यात एका विषयात वर्गात पहिला आलो होतो. ते सांगायचं राहूनच गेलं.

उंच, वाळका, कपाळावर विभूती, आणि ती विभूती दुपारपर्यंत ग्रीसमध्ये मिसळून राखाडी झालेली. शर्टाच्या खिशात चुन्याची डबी. सगळं अंग तेलकट, पण उजवा तळहात मात्र स्वच्छ. मोटार तपासायच्या आधी तो तो हात साबणानं धुवायचा, फडक्याला पुसायचा आणि वाळेपर्यंत हवेत धरायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, मिस्त्री काहीतरी शपथ घेतोय.

"अरे, ती भंगारातली मोटार आहे. तिला कसलं सोवळं?" मी एकदा म्हणालो.

"जेवायचा हात अन् मोटारीचा हात येकच हाय," तो म्हणाला. "तेल लागलं की त्याला काय कळंना हुतंय."

माल त्याच्याकडं कुठूनही यायचा. नळदुर्गच्या हायवेवरच्या भंगारवाल्यांकडून, मोडलेल्या गिरण्यांतून, बंद पडलेल्या कूलरांतून, कुणाच्या विहिरीवरून. आणलेल्या मोटारीला तो लगेच हात लावायचा नाही. आधी आणणाऱ्याला बसवायचा, चहा सांगायचा आणि विचारायचा, "कुठं हुती ही? काय काम करत हुती?" गिरणीतली असली तर आत पीठ जाऊन बसलेलं असणार. विहिरीवरची असली तर ओल धरलेली असणार. कूलरची असली तर वर्षातले आठ महिने झोपून काढलेले असणार. "माणसाला जात इचारू ने, मोटारीला काम इचारावं," हे त्याचं वाक्य. बाजारात ते लोकांच्या तोंडात बसलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडातही. मी वर्गात सांगितलेली वाक्यं त्यांना परीक्षेपुरती आठवायची.

मग नाक. मोटारीच्या हवेच्या झरोक्याला नाक लावून तो ओढून वास घ्यायचा. जळलेल्या वार्निशचा वास कितीही वर्षं झाली तरी जात नाही. एकदा हायवेवरचा एक भंगारवाला ताज्या निळ्या रंगातली चकाचक मोटार घेऊन आला. मी तिथंच होतो. सिद्रामनं नाक लावलं आणि झटका बसल्यासारखा मागं आला.

"अय्यो यप्पा! मोटारीला अत्तर लावलायस का गा? लगीन हाय का तिचं?"

भंगारवाला म्हणाला, "पोरांनी सांडलं असंल मिस्त्री."

"नवरीला अत्तर लावत्यात, ते ठीक हाय. पण हिला आधीचा नवरा जाळून गेलाय. घिऊन जा."

सगळा बाजार हसला. मीही हसलो. पण तो वास मलाही आला होता, आणि मला ते फक्त अत्तर वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.

नाकानंतर बोटं. दोन बोटांत शाफ्ट धरून फिरवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मग शाफ्ट वर-खाली हलवून बघायचा. जरा जरी खुळखुळला तर बेरिंग गेलं. मग बोल्टांची डोकी बघायचा. कोपरे झिजून गोल झालेले असले तर मोटार खूपदा उघडलेली आहे, म्हणजे खूपदा आजारी पडलेली आहे. त्यानंतर कुठं मीटर हातात यायचं. आतून निघणाऱ्या तारांच्या जोड्या करून तो आकडे बघायचा. मोटार चालवणारी एक गुंडाळी, तिला सुरू करून देणारी दुसरी, आणि दोन्हींची बेरीज तिसऱ्या जोडीत यायला पाहिजे. ते आकडे भिंतीवर कोळशानं लिहायचा आणि माझ्याकडं बघून म्हणायचा, "दोगांचं मिळून तिसरं आलं पायजे. एवढंच गणित मला येतंय, सर. ह्याच्यावर पास केलं असतं तर मी पण तुमच्यासंगं असतो."

लोकांसमोर तो मला सर म्हणायचा. दुकानात कुणी नसलं की दत्त्या. मला दोन्हींचा राग यायचा. सर म्हणताना तो चेष्टा करत नव्हता, त्यामुळं जास्तच.

मग बल्ब. एका लाकडी पट्टीवर लावलेला बल्ब तारेत घेऊन तो एक टोक गुंडाळीला आणि दुसरं मोटारीच्या अंगाला लावायचा. बल्ब मेलेला राहिला पाहिजे. त्याची तार नुसती लालसर झाली तरी मोटार बाजूला. मी माझं मेगर, म्हणजे गुंडाळीचं इन्शुलेशन मोजायचं यंत्र, दाखवून सांगायचो की बल्बाला जे दिसत नाही ते ह्याला दिसतं, आणि ते खरंच होतं. तो मान हलवायचा. माझ्याकडून मेगर मागून घ्यायचा, माझ्यासमोर वापरायचा, आकडा लिहून ठेवायचा. त्याला शिकायला लाज वाटत नसे. मला त्याच्याकडून शिकायला वाटायची.

हे सगळं पुस्तकात आहे. मी फळ्यावर हे अनेकदा लिहिलंय. पण पुस्तक जिथं संपायचं तिथून सिद्रामचं सुरू व्हायचं. मोटार चालू करताना तो तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायचा. वेग आला की सुरू करून देणाऱ्या गुंडाळीचा आतला स्विच टक् करून सुटतो. बंद करताना वेग उतरला की पुन्हा टक् करून बसतो. ह्या दोन टक् त्याला ऐकू आल्या पाहिजेत. मग मोटारीच्या पाठीवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवायची आणि पाण्यावरच्या लाटा बघायच्या. बारीक गोल लाटा असल्या तर ठीक. पाणी एका बाजूला नाचायला लागलं तर शाफ्ट वाकलाय. मग तास-सव्वा तास मोटार चालू ठेवून स्वतः दुसरं काम करायचा आणि अधनंमधनं तो धुतलेला तळहात तिच्या अंगावर ठेवायचा. चांगली तापली की बंद करायचा, शाफ्ट थांबला की लगेच पुन्हा चालू. तापलेली असताना ती पहिल्याच फटक्याला उठली पाहिजे.

"थंड मोटार पाव्हन्यासारखी अस्ती," तो म्हणायचा. "पाव्हना पहिल्या दिशी गोडच बोलतोय. तापली की मंग घरच्यासारखी वागती."

एवढं करून रात्रभर ती दुकानात मुक्कामाला. रात्रीची ओल खाऊन सकाळी पुन्हा उठली तर मग डबी उघडायची, करंगळी चुन्यात बुडायची आणि ठिपका.

आमच्या आयटीआयची पोरं सुट्टी झाली की त्याच्या दुकानात जाऊन उभी राहायची. हाजिरी माझी, कान त्याचे. एक वर्ष आमच्या प्राचार्यांनी मला विचारलं, "आठवड्यातून दोन तास प्रात्यक्षिकाला बाहेरचा कुणी चांगला कारागीर बोलवावा म्हणतो. ते मुरुमचे मिस्त्री कसे आहेत? तुमच्या गावाकडचे ना?"

मी म्हणालो, "दहावी नापास आहे सर. कागदपत्रात बसणार नाही."

कागदपत्रात खरंच बसलं नसतं. पण मी ते ज्या घाईनं बोललो ती घाई मला अजून आठवते. पुढं कधीतरी प्राचार्य त्याच्या दुकानात कूलर दुरुस्तीला घेऊन गेले आणि बोलता बोलता त्याला हे सांगून आले. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा सिद्रामनं चहा सांगितला आणि शांतपणे म्हणाला, "तुमचे सायेब आलते. तू म्हणलास ते खरंच हाय की रे दत्त्या. नापासच हाय म्या." आणि मेगर मागायला हात पुढं केला. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या पुढच्या वर्षी तात्यांना कडबा कुट्टीसाठी मोटार हवी होती. मी ठरवलं, ही मोटार मी देणार. ओळखीच्या एका बंद पडलेल्या बेकरीतली एक हॉर्सची मोटार मी घेतली. मीटर लावलं, मेगर लावलं, करंट मोजला, दहा मिनिटं चालवली, चार वेळा बंद-चालू केली. सगळे आकडे वहीत लिहिले. शनिवारी टेंपोतून गावाकडं नेली, स्वतः बसवली.

तात्या मोटारीभोवती एक चक्कर मारून खाली वाकले.

"ठिपका?"

"तात्या, मी तपासलीय. हे बघा आकडे."

त्यांनी वहीकडं बघितलं, वाचता येत असल्यासारखं मान हलवली आणि म्हणाले, "बरं हाय. सिद्रामला येकदा दाखव."

मी जेवलो नाही. आई म्हणाली, म्हातारं तसलंच हाय, तू मनावर घेऊ नको. रविवारी सकाळी कुट्टी सुरू झाली. ज्वारीचा कडबा खटाखट कापला जात होता, म्हशी माना वर करून बघत होत्या, आणि मी ओसरीवर चहाचा कप घेऊन मुद्दाम पाय पसरून बसलो होतो. तासभर झाला असेल. लाईट गेली. पाचेक मिनिटांनी आली. मोटार नुसतीच घूं घूं करायला लागली, चाक फिरेना.

आमच्याकडं अशा वेळी सगळे जे करतात तेच तात्यांनी केलं. कुट्टीच्या मोठ्या चाकाला हातानं झटका द्यायला ते पुढं वाकले. मोटार अशी अडली की हातानं जिकडं ढकलाल तिकडं धावते, आणि त्या चाकाच्या आऱ्यांवरच कुट्टीची पाती असतात. हे मी वर्गात चित्र काढून शिकवतो. ओसरीवरून मला फक्त तात्यांची पाठ दिसत होती. माझ्या हातातला कप तसाच होता.

"तात्याऽऽ! हात काढा!"

सिद्राम होता. गोठ्याच्या दारातून आत येत त्यानं तसाच भिंतीवरचा खटका खाली ओढला. घूं थांबलं. तात्यांचा हात चाकापासून वीतभर लांब होता. त्यांनी मला न सांगता आदल्या संध्याकाळीच त्याला निरोप धाडला होता, म्हणून तो आला होता.

"काय झालं रे हिला?" तात्यांनी विचारलं, आणि विचारताना बघितलं माझ्याकडं.

मी काही बोलायच्या आत सिद्राम म्हणाला, "व्होल्टेज कमी आलंय तात्या. लाईट गेली-आली की असंच हुतंय. मोटार चांगली हाय. दत्तानं चांगली बघून घेतलीय. पर आता आलोच हाय तर जरा पुसून देतो."

त्यानं मोटार उघडली. मी शेजारी बसून पाना देत होतो. तात्या म्हशींना पाणी पाजायला गेल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "स्विचचं वजन तापलं की अडकतंय, बग. परत बसंना. थंड हुती तवा चार बार उठली. तापुस्तवर थांबला न्हाईस."

बेकरीची मैद्याची चिकट काजळी त्या वजनाच्या स्प्रिंगवर बसली होती. बेकरीतली मोटार. मी तिला काम विचारलंच नव्हतं. त्यानं ती रॉकेलनं धुतली, तास-सव्वा तास चालवली, तापवून तीनदा उठवली. रात्रीचा मुक्काम मात्र त्यानं तिला माफ केला. मग डबी उघडली.

तात्या येऊन वाकले. ठिपका बघितला आणि समाधानानं म्हणाले, "आता कसं!"

मला वाचवण्यासाठी तो खोटं बोलला होता, हे मला कळत होतं. आभार मानायला पाहिजे होते. मी त्याला फाटकापर्यंतसुद्धा सोडायला गेलो नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी एका दुपारी तो आयटीआयच्या वर्कशॉपच्या दारात उभा दिसला. इतक्या वर्षांत तो तिथं कधी आला नव्हता. उजव्या तळहाताला पट्टी होती. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागं राहिली आणि ते त्याला चार पावलं कळलं नाही.

"शुगर हाय म्हणला डाक्टर," तो म्हणाला. "पायाचं ठीक हाय रे. हाताचं कळंना झालंय." पट्टी त्यानं सोडून दाखवली. तळव्याला मोठा फोड आला होता. "मोटारीवर हात ठिवला. तापलीय का बगत हुतो. वास आला तवा कळलं, की तापलीय."

"मीटर घे की. उष्णता मोजायचं येतं आता."

"तेवढं घिऊ. पर बेरिंगची खरखर? शाफ्टचा खुळखुळ?" मग इकडंतिकडं बघून, "दत्त्या, बाजारच्या आदल्या दिशी येत जा. तू हात लाव, मला सांग. तुझा हात पेन धरणारा हाय, कवळा हाय. त्याला लवकर कळंल."

मी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. पहिले दोन महिने त्यानं माझी बोटं शाफ्टवर ठेवून डोळे मिटायला लावले. चांगलं बेरिंग, गेलेलं बेरिंग, जायच्या बेतात असलेलं बेरिंग. चुकलो की म्हणायचा, "सर, नापास." मग जमायला लागलं. मी तपासायचो, वास घ्यायचो, तापेपर्यंत थांबायचो, तापल्यावर उठवायचो. तो भिंतीला टेकून माझ्या तोंडाकडं बघायचा. मी मान हलवली की गिऱ्हाइकासमोर स्वतःचा मेलेला हात मोटारीवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि ठिपका लावायचा. लोकांना त्याचा हात बघायची सवय होती.

दीडेक वर्ष हे असं चाललं. मुरुमच्या बाजारातल्या सगळ्या ठिपक्यांच्या मागं माझी मान होती, आणि हे तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. माझी जळजळ कमी झाली असेल असं तुम्हाला वाटेल. ती वाढली.

मग आमच्या कुट्टीची ती बेकरीची मोटार अखेर थकली, आणि तात्या स्वतः टेंपो घेऊन मुरुमला आले. मी दुकानात आहे हे बघून म्हणाले, "तू हितं काय करतोस?"

"सहज आलो होतो."

माकणीकडच्या एका मोडलेल्या पिठाच्या गिरणीतली मोटार होती. मी दोन दिवस तिच्यामागं होतो. आतलं पीठ काढलं होतं, तापवली होती, मुक्काम करवला होता. सिद्रामनं तिच्यावर हात ठेवला, डोळे मिटले, एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं डबी उघडली. बोटाला चुना लागलाय की नाही हे आता त्याला बघावं लागायचं. बघून त्यानं ठिपका टेकवला.

आणि मग एकदम म्हणाला, "तात्या, दत्ताला पण इचारा की येकदा."

"त्याला काय इचारायचं? तू ठिपका लावलास ना!"

"तसं न्हाय तात्या. ही मोटार..." त्याचं तोंड उघडं राहिलं. तो सगळं सांगणार होता. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, कान देऊन उभी. ह्याच वाक्यासाठी मी एवढी वर्षं थांबलो होतो. त्याचा चुना लागलेला हात हवेत होता.

मी मान हलवली. ह्या वेळी आडवी.

त्यानं तोंड मिटलं. "ही मोटार लई चांगली हाय, तात्या," तो म्हणाला.

पुढच्याच महिन्यात त्याची लेक त्याला पुण्याला घेऊन गेली, आणि पत्र्याच्या त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. म्हणून मला तो आठवतो तो त्या दुपारचाच. दाराच्या चौकटीला टेकलेला, एक चप्पल पायात, दुसरी दोन हातांवर मागं राहिलेली, आणि आम्ही टेंपोत मोटार चढवताना माझ्याकडं एकटक बघत असलेला.

"व्हय गा," टेंपोत चढता चढता तात्या म्हणाले, "तुला येवढं शिकवलं, पर असला हात काय तुला न्हाय आला."

मी मोटारीला दोरी आवळत होतो.

"सांभाळून," तात्या म्हणाले. "ठिपक्यावर दोरी घासू दिऊ नगस."

मी दोरी सोडली आणि ठिपका मोकळा ठेवून पुन्हा बांधली.